लेफ्टनंट थेट शेरीफच्या खुर्चीत: लॉस एंजेलिस काउंटी, २०१८

समजा, पुण्यात तीस-बत्तीस वर्षं वर्दीत काढलेला एक पोलीस निरीक्षक निवृत्त झाला. एसीपीची बढती काही पदरात पडली नाही. त्याच वर्षी त्यानं पोलीस आयुक्तांच्या खुर्चीसाठी अर्ज भरला, तोही आपल्याच आयुक्तांच्या विरोधात. गल्लोगल्ली फिरून प्रचार केला आणि पुणेकरांनी त्याला निवडून दिलं. वाचून हसू येतं, कारण आपल्याकडे ही खुर्ची मतदानानं भरतच नाहीत. लॉस एंजेलिस काउंटीत नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळजवळ हेच घडलं. निवृत्त लेफ्टनंट ॲलेक्स व्हिलानुएव्हा यांनी विद्यमान शेरीफ जिम मॅकडोनेल यांना पाडलं. खुर्चीत बसलेला शेरीफ तिथे शंभरहून अधिक वर्षांत कुणी पाडला नव्हता.

या निवडणुकीबद्दल लिहिताना बहुतेक जण 'अनुभवी पोलीस अधिकारी विरुद्ध अनुभवी पोलीस अधिकारी' एवढं म्हणून पुढे जातात. मला वाटतं, खरी गोम तिथेच आहे. दोघेही मुरलेले पोलीस होते. मग मतदारांनी निवड कशावरून केली, आणि निवडून आलेला माणूस नेमका कुणाचा देणेकरी झाला?

आधी ही खुर्ची समजून घेऊ. मुंबईकरांना शेरीफ हा शब्द नवा नाही. मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे वर्षभराचं मानाचं पद. दिलीपकुमार आणि सुनील गावस्करही या पदावर होते. त्या शेरीफला कुणाच्या हातात बेड्या ठोकाव्या लागत नाहीत. अमेरिकेतला काउंटी शेरीफ हा वेगळाच प्राणी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. जिथे शहराचं स्वतःचं पोलीस खातं नाही तिथली गस्त, काउंटीचा तुरुंग, कोर्टाचा बंदोबस्त, हे सगळं त्याच्याकडे. पन्नासपैकी ४६ राज्यांत तो थेट लोकांनी निवडलेला असतो. कॅलिफोर्नियात तर राज्यघटनेतच लिहिलंय की प्रत्येक काउंटीला निवडलेला शेरीफ हवा. मुदत चार वर्षांची. मात्र उठला-सुटला कुणीही उभा राहू शकत नाही. १९८९ पासून तिथे कायद्यानं पोलिसी कामाचा अनुभव किंवा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. थोडक्यात, उमेदवार अनुभवी असणार हे कायद्यानंच ठरवून टाकलंय, त्यामुळे 'मी अनुभवी आहे' या घोषणेत दम किती, हा प्रश्नच आहे.

आता लॉस एंजेलिस काउंटीचा आवाका. लोकसंख्या एक कोटीच्या घरात. ८८ शहरं, त्यातल्या ४२ शहरांनी स्वतःचे पोलीस न ठेवता शेरीफशी करार केलाय: आम्ही पैसे देतो, तुम्ही गस्त घाला. आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर साड्या बघायला किंवा चाट खायला गेलेल्या आपल्या माणसाला जी पोलीस गाडी दिसते ती शेरीफची. सेरिटोस, डायमंड बार इथेही तेच. खाकी शर्ट, हिरवी पँट, छातीवर सहा टोकांचा तारा. शेजारच्या लॉस एंजेलिस शहरात गेलात की गडद निळी वर्दी, ते खातं वेगळं. त्याच्या प्रमुखाला महापौर नेमतो. एकाच महानगरात, एकमेकांच्या हद्दीला हद्द लावून, दोन पद्धती चालतात: एक साहेब नेमलेला, एक निवडलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

शेरीफच्या खात्यात वर्दीतले आणि बिनवर्दीचे मिळून अठरा हजारांच्या आसपास माणसं, वर्षाचा खर्च तीन अब्ज डॉलरच्या वर, आणि देशातली सर्वांत मोठी काउंटी तुरुंगव्यवस्था. पैशाची किल्ली पाच सुपरवायझरांच्या मंडळाकडे असते. तेही निवडून आलेले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस लाखांच्या आसपास लोक. मंडळ शेरीफचा निधी अडवू शकतं, पण २०१८ मध्ये त्याला घरी पाठवायचा अधिकार त्यांना नव्हता. तो मतदारांनाच.

खुर्चीचा इतिहास

मतदारांनी तो अधिकार फारसा वापरलाच नव्हता. १९३२ ते जानेवारी २०१४ एवढ्या काळात या खुर्चीवर फक्त चौघे बसले: बिस्कायलूझ, पिचेस, शर्मन ब्लॉक आणि ली बाका. युक्ती सोपी होती. म्हातारा शेरीफ मुदत संपायच्या आत पायउतार व्हायचा, मंडळ त्याच्या मर्जीतल्याला नेमायचं, आणि पुढच्या निवडणुकीत तो 'विद्यमान शेरीफ' म्हणून उभा राहायचा. नाव निवडणुकीचं, चाल वारसाहक्काची. आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हे समजावून सांगायला नको.

१९९८ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्लॉक पंचाहत्तरीच्या आसपासचे, आणि त्यांच्याच हाताखालचे बाका विरोधात उभे. मतदानाला पाच दिवस उरले असताना ब्लॉक वारले. मतपत्रिका छापून झाल्या होत्या, नाव तसंच राहिलं. त्यांच्या समर्थकांनी प्रचार थांबवला नाही: वारलेल्या ब्लॉकनाच मत द्या, म्हणजे जागा रिकामी होईल आणि मंडळ आपल्याला हवा तो माणूस नेमेल! लाखो लोकांनी मृत माणसाला मत दिलं. तरीही बाका निवडून आले.

बाकांचा शेवट मात्र वाईट झाला. तुरुंगात कैद्यांना होणाऱ्या मारहाणीची चौकशी एफबीआय करत होती. २०११ मध्ये शेरीफच्या लोकांना एका कैद्याजवळ मोबाइल सापडला आणि तो एफबीआयचा खबऱ्या निघाला. त्यावर त्यांनी काय करावं? त्याला खोट्या नावांनी या बराकीतून त्या बराकीत हलवत ठेवलं, म्हणजे एफबीआयला तो हाती लागू नये. शिवाय दोन जण एफबीआयच्या महिला अधिकाऱ्याच्या घराबाहेर जाऊन तिला अटकेची धमकी देऊन आले. जानेवारी २०१४ मध्ये बाका पायउतार झाले. पुढे त्यांना तीन वर्षांची आणि त्यांचे दुय्यम प्रमुख पॉल टनाका यांना पाच वर्षांची कैद झाली.

अशा खात्याला बाहेरचा माणूस हवा, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं. जिम मॅकडोनेल हा तो माणूस. लॉस एंजेलिस शहर पोलिसांत २९ वर्षं, तिथे दोन नंबरपर्यंत मजल, मग काउंटीतल्याच लाँग बीच शहराचे पोलीस प्रमुख. तुरुंगातल्या हिंसेची चौकशी करणाऱ्या नागरी आयोगाचे ते सदस्यही होते. २०१४ मध्ये टनाकांच्या विरोधात त्यांना सुमारे ७५ टक्के मतं पडली.

बाहेरचा साहेब, आतली धुसफूस

मॅकडोनेल यांनी शिस्त आवळली. खोटं बोलणं, बळाचा गैरवापर, यावर थेट बडतर्फी होऊ लागली. त्याहून जास्त झोंबली ती एक यादी. ज्यांच्या सेवापुस्तकात खोटेपणाचे किंवा तसेच गंभीर ठपके आहेत अशा सुमारे ३०० डेप्युटींची, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या वर्दीतल्या पोलिसांची, नावं सरकारी वकिलांना कळवायची, असं त्यांनी ठरवलं. कारण असा डेप्युटी कोर्टात साक्षीला उभा राहिला तर आरोपीच्या वकिलाला ते कळायला हवं. डेप्युटींची संघटना कोर्टात गेली आणि यादी अडली. अशी सूचना वकिलांना देता येते, हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २०१९ मध्ये आला, तोवर मॅकडोनेल घरी बसले होते.

इथे खात्यातल्या माणसाच्या जागी उभं राहून बघायला हवं. नवा डेप्युटी भरती झाला की त्याची पहिली काही वर्षं तुरुंगात जातात. ज्या गस्तीच्या गाडीसाठी तो आला ती नंतर. कोंदट बराकी, सक्तीचा ओव्हरटाइम. वरचा साहेब दुसऱ्या खात्यातून आलेला, त्यानं ही पायरी कधी चढलेली नाही, आणि तो आता आपल्याला नीतिमत्ता शिकवतो. 'हा आपल्यातला नाही' ही तक्रार आपल्याकडच्या पोलीस लाइनीतही ऐकू येते, थेट आयपीएस होऊन आलेल्या तरुण साहेबाबद्दल.

व्हिलानुएव्हा यांनी नेमकी ही तार छेडली. १९८६ मध्ये ते खात्यात आले, त्याआधी हवाई दलात होते. तुरुंगही पाहिला, ईस्ट लॉस एंजेलिसची गस्तही. नोकरी करता करता सार्वजनिक प्रशासनात डॉक्टरेट मिळवली. वरच्यांशी वाजलेलं, बढत्या डावलल्याची तक्रार जुनी. निवृत्त झाले तेव्हा लेफ्टनंट. म्हणजे वर कॅप्टन, कमांडर, चीफ, असिस्टंट शेरीफ, अंडरशेरीफ अशा पाच पायऱ्या, आणि मग शेरीफ. अठरा हजारांचं खातं सोडा, एखादं ठाणंही त्यांनी प्रमुख म्हणून चालवलं नव्हतं, कारण ठाण्याचा प्रमुख कॅप्टन असतो. त्यांची घोषणा: सुधारणा, पुनर्बांधणी, पुनर्स्थापना. यातली तिसरी कुणासाठी होती ते नंतर कळलं.

मतपत्रिकेवर काय दिसतं

कॅलिफोर्नियात शेरीफची निवडणूक कागदोपत्री पक्षविरहित. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, चिन्हाचा तर प्रश्नच नाही. नावाखाली उमेदवाराचा व्यवसाय छापतात, जास्तीत जास्त तीन शब्दांत. तीस वर्षांची नोकरी, प्रत्येक बदली, प्रत्येक ठपका, प्रत्येक पदक, सगळं तीन शब्दांत बसवायचं. त्या मतपत्रिकेवर राज्यपालापासून न्यायाधीशांपर्यंत डझनावारी नावं आणि वर लांबलचक ठराव. मतदार शेरीफच्या रकान्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या हाताशी एवढंच असतं: तीन शब्द, एक आडनाव, आणि घरी टपालानं आलेली प्रचाराची चकचकीत पत्रकं.

५ जून २०१८ च्या पहिल्या फेरीत तिघे होते. ५० टक्क्यांच्या वर गेला तर फेरी तिथेच संपते. मॅकडोनेल ४७-४८ टक्क्यांवर अडकले. व्हिलानुएव्हा यांना सुमारे ३३, आणि उरलेली बॉब लिंडसे या निवृत्त कमांडरला. गंमत बघा, लिंडसे हुद्द्यानं व्हिलानुएव्हांपेक्षा दोन पायऱ्या वरचे, तेही याच खात्यातले. अनुभवाच्या मापानं मोजायचं तर दुसरा क्रमांक त्यांचा हवा होता.

जून ते नोव्हेंबरमध्ये दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे डेप्युटींची संघटना व्हिलानुएव्हांच्या मागे उभी राहिली आणि तिनं दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम प्रचारात ओतली. पहिल्या फेरीत ज्याच्याकडे प्रचाराला फारसे पैसे नव्हते, त्याचं नाव आता घराघरांतल्या टपालपेटीत पडू लागलं.

दुसरी गोष्ट जास्त वजनाची. ट्रम्प यांच्या काळातली ती पहिली मोठी निवडणूक. लॉस एंजेलिस डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला, आणि इमिग्रेशनची धरपकड हा तिथला जळता विषय. केंद्राच्या आयसीई या यंत्रणेच्या अधिकाऱ्यांना काउंटीच्या तुरुंगात येऊन सुटणाऱ्या कैद्यांना ताब्यात घेता येत होतं. मॅकडोनेल हे पूर्वीचे रिपब्लिकन, नंतर कुठल्याच पक्षाचे नाहीत. राज्यानं २०१७ मध्ये स्थलांतरितांना संरक्षण देणारा कायदा आणला तेव्हा सुरुवातीला त्यांनी त्याला विरोध केला होता. व्हिलानुएव्हा म्हणाले, मी डेमोक्रॅट, मी आयसीईला तुरुंगाबाहेर काढतो. काउंटीच्या डेमोक्रॅटिक पक्षानं त्यांना पाठिंबा दिला. मतपत्रिकेवर पक्ष नव्हता, तरी घरी आलेल्या पत्रकावर होता.

६ नोव्हेंबरच्या रात्री व्हिलानुएव्हा जेमतेम पुढे होते. तिथे टपालानं आलेली आणि उशिरा भरलेली मतं आठवडेच्या आठवडे मोजत बसतात. रोज नवा आकडा यायचा आणि फरक रुंदावायचा. २६ तारखेला मॅकडोनेल यांनी हार मानली. शेवटी सुमारे ५३ विरुद्ध ४७.

म्हणजे एकाच उमेदवाराला दोन गिऱ्हाइकांनी दोन वेगळ्या कारणांनी विकत घेतलं. पुरोगामी मतदाराला वाटलं, हा आयसीईला हाकलणार, हा सुधारक. संघटनेला वाटलं, हा आपला माणूस, शिस्तीचा फास सैल करणार. दोघांनाही तो खरंच तसं सांगत होता, वेगवेगळ्या सभांमध्ये. मला यात लबाडीपेक्षा रचनेचा दोष जास्त दिसतो. साहेबाच्या निवडणुकीचा खर्च हाताखालच्यांच्या संघटनेनं करायचा आणि मग त्याच साहेबानं त्यांच्यावर कारवाई करायची, हे कसं जमावं? आपल्याकडे नेत्यांच्या हातून होणाऱ्या बदल्यांना कंटाळलेले लोक म्हणतात, पोलीस प्रमुख लोकांनीच निवडावा. २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोलीस प्रमुखांना दोन वर्षांची किमान मुदत सांगितली तीही याच दुखण्यावर. पण मतदानानं साहेब राजकारणातून सुटत नाही, फक्त त्याचा धनी बदलतो.

खुर्चीत बसल्यावर

३ डिसेंबर २०१८ ला शपथ झाली. लगेच वरच्या फळीतल्या अनेकांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला. मग बडतर्फ डेप्युटींची प्रकरणं पुन्हा उघडायला 'सत्य आणि सलोखा' नावाची प्रक्रिया आली. पहिल्याच काही आठवड्यांत एक डेप्युटी परत वर्दीत दिसला. महिला सहकाऱ्याला छळल्याच्या आरोपांवरून त्याला आधी काढून टाकलं होतं, आणि त्यानं व्हिलानुएव्हांच्या प्रचारात काम केलं होतं. मंडळ कोर्टात गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायाधीशांनी त्याला बिल्ला आणि बंदूक परत करायला लावली. काउंटी आपल्याच शेरीफला कोर्टात खेचते, हे तिथेही रोज घडत नाही.

आयसीईच्या बाबतीत मात्र त्यांनी बराच शब्द पाळला, हे सांगायला हवं. आयसीईचे लोक तुरुंगातून बाहेर गेले, आणि २०२० मध्ये कैदी त्यांच्याकडे सोपवणंही थांबलं.

बाकी चार वर्षं भांडणात गेली. मार्च २०२० मध्ये मतदारांनी नागरी देखरेख आयोगाला साक्षीला बोलावण्याचा अधिकार दिला. आयोगानं बोलावलं, शेरीफ गेले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, तिथले मृतदेहांचे फोटो डेप्युटींनी एकमेकांना दाखवले. त्याची भरपाई म्हणून ज्युरीनं दोन कुटुंबांना मिळून ३.१ कोटी डॉलर दिले. ठाण्याठाण्यात डेप्युटींच्या टोळ्या आहेत, त्यांचे ठरलेले टॅटू आहेत, हा आरोप दशकांचा जुना. व्हिलानुएव्हा त्याला फारसं महत्त्व देईनात.

जून २०२१ मधलं एक दृश्य: व्हेनिस समुद्रकिनाऱ्यावर तंबूत राहणारे बेघर लोक, कॅमेरे, आणि मधोमध काउबॉय हॅट घातलेले शेरीफ. व्हेनिस शहर पोलिसांच्या हद्दीत. पण शेरीफला संपूर्ण काउंटीत अधिकार असतो, त्यामुळे त्यांना रोखणार कोण? २०१८ चा डेमोक्रॅट सुधारक तोवर उजव्या वाहिन्यांचा लाडका झाला होता. २०२२ मध्ये एका डेप्युटीनं कैद्याच्या डोक्यावर गुडघा दाबल्याची चित्रफीत बाहेर आली. एप्रिलमध्ये शेरीफनी पत्रकार परिषद घेतली आणि फलकावर ती बातमी देणाऱ्या महिला पत्रकाराचाही फोटो लावला. पत्रकाराचीच चौकशी होणार की काय, असा गदारोळ उठला. संध्याकाळपर्यंत घूमजाव.

मतदारांनी काय शिकलं

२०२२ च्या जूनमध्ये पहिल्या फेरीला आठ जण त्यांच्या विरोधात उभे होते. व्हिलानुएव्हा पहिले आले, पण ३१ टक्क्यांच्या आसपास. विद्यमान शेरीफला सत्तर टक्के लोक नको म्हणतात, तेव्हा पहिला क्रमांक काय चाटायचा! नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट लुना यांना सुमारे ६१ टक्के मतं मिळाली. लुना कोण? लाँग बीच पोलिसांत ३६ वर्षं आणि तिथले प्रमुख. २०१४ मध्ये मॅकडोनेल शेरीफ झाले तेव्हा लाँग बीचची खुर्ची लुनांनीच घेतली होती. म्हणजे चार वर्षांनी मतदार फिरून त्याच दारात आले: बाहेरचा, लाँग बीचचा, शांतपणे बोलणारा प्रमुख.

त्याच मतपत्रिकेवर आणखी एक ठराव होता. पाचपैकी चार सुपरवायझर एकमतानं, सबळ कारण दाखवून शेरीफला काढू शकतील. तो ७० टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झाला. शेरीफ निवडायचा अधिकार लोकांनी स्वतःकडेच ठेवला, पण आपल्या निवडीवर आपलाच पूर्ण भरवसा नाही हेही त्याच दिवशी नोंदवलं. व्हिलानुएव्हा यांनी २०२४ मध्ये त्याच मंडळावर सुपरवायझर व्हायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच फेरीत हरले.

मॅकडोनेल? ऑक्टोबर २०२४ मध्ये महापौर कॅरन बास यांनी त्यांना लॉस एंजेलिस शहराचं पोलीस प्रमुखपद दिलं. मतपत्रिका नाही, पत्रकं नाहीत, तीन शब्द नाहीत. शेरीफचं मुख्यालय टेम्पल स्ट्रीटवरच्या जुन्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये आहे, शहर पोलिसांचं फर्स्ट स्ट्रीटवर, चालत पाच-दहा मिनिटांवर.